दर्जा वर्षाचा, काउंटीचा नव्हे

दुबळ्या संघांसाठी वेगळी स्पर्धा असावी का? माझ्यासारख्या इंजिनिअरला यात तत्त्वज्ञानाचं काही दिसू नये. समसमान संघ एकमेकांशी खेळवले की सामने चुरशीचे होतात; वर्गवारी करा, प्रश्न मिटला. पण डब्लिनमध्ये नोकरीला आल्यापासून हा वाद मी जेवणाच्या टेबलावर इतक्यांदा ऐकला आहे, की तो मिटणारा नाही हे मला पटलंय. कारण हा वाद वेळापत्रकाचा नाही, मानाचा आहे.

आधी थोडी ओळख करून देतो. गेलिक फुटबॉल हा आयर्लंडचा स्वतःचा खेळ. पंधरा-पंधरा जणांचे संघ, चेंडू हातानेही खेळायचा आणि पायानेही. १८८४ साली थर्ल्स या गावी स्थापन झालेली गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन तो चालवते. दोन गोष्टी मात्र आपल्याला चमत्कारिक वाटतील. एक, क्रोक पार्कच्या स्टेडियममध्ये ऐंशी हजार लोकांसमोर खेळणाऱ्या खेळाडूलाही पगार नसतो. सोमवारी तो शाळेत शिकवायला किंवा गोठ्यात गाईंकडे परत जातो. दुसरी, इथे खेळाडू विकत घेता येत नाहीत. आपण आपल्या काउंटीसाठी खेळतो, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासाठी. जी माणसं तिथे जन्मली-वाढली, त्यांच्यातूनच संघ उभा करायचा.

आता आकडे पाहा. २०२२ च्या जनगणनेनुसार लीट्रिम काउंटीची लोकसंख्या ३५ हजारांच्या आसपास, डब्लिनची साडेचौदा लाखांच्या वर. अखिल आयर्लंड स्पर्धेत मात्र दोघे एकाच सॅम मॅग्वायर कपसाठी उतरत. २०१५ ते २०२० अशी सलग सहा वर्षं तो कप डब्लिनने नेला. लहान काउंटीतला मुलगा हिवाळ्यात, अंधारात, पावसात, काम संपवून सराव करायचा आणि उन्हाळ्यात एका दुपारी वीस गुणांनी हरून घरी जायचा. २००१ पर्यंत तर एक हार म्हणजे वर्ष संपलं. त्या साली हरलेल्यांना दुसरी संधी देणारा मागचा दरवाजा उघडला, पण दुबळ्यांना त्यातून बहुधा आणखी एक हारच मिळे.

वेगळ्या स्पर्धेची बाजू घेणारे म्हणतात, की या खोट्या समतेत काय अर्थ आहे? सगळ्यांची नावं एकाच यादीत आहेत एवढ्यावर बलवानांचं काम भागतं. त्यांना त्यासाठी काहीच मोजावं लागत नाही. किंमत मोजतो तो हरणारा.

विरोधकांकडे आकडे नसतात, आठवणी असतात. लीट्रिमने १९२७ साली कॉनॉट प्रांताचं अजिंक्यपद मिळवलं, त्यानंतर थेट १९९४ साली, मेयोला हरवून. मधे सदुसष्ट वर्षं. त्या दिवशी १९२७ चा म्हातारा कर्णधार आणि नवा कर्णधार यांनी मिळून कप उचलला. किंवा २०२० घ्या. टिपररीने १९३५ नंतर पहिल्यांदा मन्स्टर जिंकलं, आणि त्याच दिवशी कॅव्हनने १९९७ नंतर पहिल्यांदा अल्स्टर. १९२० साली ब्रिटिश सैन्यदलांनी क्रोक पार्कवर गोळीबार केला, तेव्हा मैदानावर डब्लिनविरुद्ध टिपररी खेळत होती. त्यांचा मायकेल होगन तिथेच मारला गेला. त्या रक्तरंजित रविवाराला शंभर वर्षं आणि एक दिवस झालेला असताना, त्याच जुन्या पांढऱ्या-हिरव्या जर्सीत टिपररी जिंकली. दुय्यम कपाने हा दिवस दिला असता का?

हे ऐकून माझाही गळा दाटतो. पण मग एक खडा टोचतो. दुबळ्याने बलवानाला लोळवावं हे स्वप्न सगळ्यात जास्त आवडतं कोणाला? आपल्यासारख्या प्रेक्षकांना. आपल्याला तो एक दिवस दिसतो. मधल्या सदुसष्ट वर्षांतल्या हारी दुसऱ्या कोणीतरी पचवलेल्या असतात. दुसऱ्याच्या चिकाटीवर आपली गोष्ट रंगवणं हाही एक प्रकारचा फुकटेपणाच.

मग वर्गवारी हवी म्हणून मोकळं व्हावं का? इथे एक गंमत आहे. याच खेळाची राष्ट्रीय लीग चार विभागांत, कुवतीनुसारच खेळली जाते. चौथ्या विभागात असण्याचं वाईट वाटतं, पण अपमान कोणाला वाटत नाही. अजिंक्यपद स्पर्धेत वर्गवारी आणली की मात्र लोक पेटतात. मला वाटतं, लीग विचारते, ‘यंदा तुमचा खेळ कसा आहे?’ अजिंक्यपद स्पर्धा विचारते, ‘आयर्लंडमध्ये कोण कोण आहे?’ पहिल्या प्रश्नाला ‘चौथ्या वर्गातले’ हे उत्तर चालतं. दुसऱ्याला चालत नाही. क्लब सोडता येतो, नोकरी बदलता येते. जन्मगाव बदलता येत नाही. म्हणून दर्जा वर्षाचा असेल तर तो न्याय, आणि काउंटीचा झाला तर ती जात.

हा फरक नियमांत दिसतो. २००४ साली दुबळ्यांसाठी टॉमी मर्फी कप सुरू झाला. २००७ आणि २००८ साली चौथ्या विभागातल्या संघांना, प्रांताची अंतिम फेरी गाठली नसेल तर, मागच्या दरवाजातूनही प्रवेश बंद केला. हातात कप दिला आणि दार लावून घेतलं. २००८ नंतर तो कपच बंद झाला. २०२२ पासूनचा टॅल्चन कप मात्र वेगळा आहे. प्रांतिक स्पर्धेत सगळे खेळतात. अंतिम फेरी गाठली तर सॅम मॅग्वायरचं दार उघडं, आणि टॅल्चन जिंकणाऱ्याला पुढच्या वर्षी वर जागा. २०२३ साली तो मीथने जिंकला, ज्यांनी अखिल आयर्लंड अजिंक्यपद सात वेळा मिळवलेलं आहे. त्याच मीथने २०२५ साली डब्लिन, केरी आणि गॉलवे यांना हरवून उपांत्य फेरी गाठली. २०२४ चा विजेता डाउन, पाच वेळचा अखिल आयर्लंड विजेता. एवढी मोठी नावं खालच्या कपावर आली की ‘खालचा’ या शब्दातला डंख थोडा कमी होतो.

आपल्याकडच्या रणजी करंडकात एलिट आणि प्लेट असे गट पडले तेव्हा हीच कुरबुर होती. २०१०-११ साली प्लेट गटातून आलेल्या राजस्थानने, पुण्याच्या हृषीकेश कानिटकरच्या नेतृत्वाखाली, त्याच मोसमात करंडक उचलला. गट वेगळा होता, पण जिना त्याच इमारतीचा होता.

तेव्हा माझं उत्तर असं, की वेगळी स्पर्धा असावी, पण जिना दरवर्षी उघडा हवा आणि अंतिम सामना क्रोक पार्कवरच हवा, ओस पडलेल्या कुठल्याशा मैदानावर नव्हे. चुरशीच्या सामन्याचा हक्क आणि मोठ्या स्वप्नाचा हक्क यांतला एक देऊन दुसरा काढून घ्यायचा नसतो.

तरी एवढ्याने समाधान होत नाही. २०२५ च्या जानेवारीत लीट्रिमला फर्मानाविरुद्धचा लीगचा सामना सोडून द्यावा लागला, कारण मैदानात उतरवायला पुरेसे धडधाकट खेळाडूच उपलब्ध नव्हते. ही अडचण कुठल्याही कपाने सुटणारी नाही. पोरं कामासाठी डब्लिनला येतात, लंडन-सिडनीला जातात. कामासाठी गाव सोडून इथे आलेला मीही त्यांच्यातलाच. वर्गवारीचा खरा धोका मला इथे दिसतो. सामने चुरशीचे झाले, गुणफलक नीटनेटका दिसू लागला, की काउंटी रिकामी का होतेय हे विचारायचं राहून जातं. वीस गुणांची हार निदान ओरडून सांगत होती, की इथे काहीतरी बिघडलंय.