दोष वाढला कीं संख्या?

विवाहाबाहेर जन्मणाऱ्या मुलांचें प्रमाण वाढलें, असें ऐकतांच नीति बुडाली असें म्हणण्यास आपण तत्पर असतों. हा निवाडा न्यायाचा आहे काय? इंग्लंडांतील एका उदाहरणावरून आम्ही ह्याचा विचार करूं.

इंग्लंड व वेल्स ह्या प्रांतांत 1939 सालीं शेंकडा सुमारें 4 मुलें अविवाहित मातांच्या पोटीं जन्मलीं. 1945 सालीं तीं शेंकडा 9 झालीं. महायुद्धानें तरुण स्त्रियांची लाज घालविली, असें पुष्कळांस वाटलें. परंतु सरकारी नोंदी बारकाईनें तपासतां निराळेंच दिसून आलें. युद्धापूर्वींही पुष्कळ वधू लग्नसमयीं गरोदर असत. विवाहापूर्वीं गर्भ राहिलेल्या दहा स्त्रियांपैकीं सुमारें सात जणींचें लग्न प्रसूतीपूर्वीं उरकलें जाई, आणि मूल औरस म्हणून नोंदलें जाई. युद्धांत वर दूरदेशीं गेले, कित्येक परतलेच नाहींत. म्हणून 1945 सालीं दहांपैकीं चार जणींचेंही लग्न वेळेवर होऊं शकलें नाहीं. दोष फारसा वाढला नव्हता. त्यावर पांघरूण घालणारा विवाह मात्र दुर्मिळ झाला होता.

दुसरी गोष्ट गणिताची. समजा, एका गांवीं वर्षांत 100 मुलें जन्मलीं व त्यांपैकीं 10 विवाहाबाहेरचीं होतीं. पुढें विवाहितांस 90 ऐवजीं 40 च मुलें होऊं लागलीं, तर तींच 10 मुलें शेंकडा 20 ठरतील. एकही दोष अधिक न घडतां प्रमाण दुप्पट होईल!

शिवाय एकाच शब्दाखालीं निरनिराळ्या स्थिति झांकल्या जातात. 2021 सालीं इंग्लंड व वेल्स येथें निम्म्याहून अधिक मुलें विवाहाबाहेर जन्मलीं; परंतु त्यांपैकीं बहुतेकांच्या नोंदींत आईबाप दोघांचीं नांवें असून तीं एकाच घरीं राहत होतीं. 1945 सालच्या एकाकी मुलीची स्थिति अशी नव्हती.

विवाहाचें पावित्र्य कमी आहे, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. परंतु जिचें लग्न घाईनें झालें ती कुलीन, आणि जिचा वर रणांत पडला ती पतित, असें आपण म्हणतों, तेव्हां आपण नीति तोलतों कीं केवळ दैव? आणि मुलाचा तर कोणत्याही हिशेबीं अपराध नाहीं. अशी माता आपल्या मंडळीच्या दारीं उभी राहिली, तर बंधूंनो, आधीं तिची हकीकत ऐकावी. निवाड्याची घाई करूं नये.