टीव्हीसमोर आपण काय बोलतो?



घरभेटीसाठी संध्याकाळी कोणाकडेही गेले की टीव्हीवर एखादी मालिका सुरू असते. मालिकेतील सासू, सून, दीर आपल्याला नावानिशी ठाऊक असतात. मग एके दिवशी बातमी येते की त्यांच्यापैकी कोणी नैराश्याने आजारी आहे, कोणी दारूच्या आहारी गेला आहे, कोणी स्वतःचे जीवन संपवले आहे. आपण लगेच बोलू लागतो. "पैसा जास्त झाला की असेच होते." "काय कमी होते त्याला?" "मनच कच्चे, दुसरे काय!" हे बोलणे त्या नटाच्या कानावर कधीच जात नाही. पण ते ऐकणारे आपल्याच घरात बसलेले असतात. म्हणून आज या बोलण्याचाच थोडा विचार करू या.

'काय कमी होते' हा प्रश्न आधी घेऊ. रोजच्या मालिकेत काम करणारा नट दिवसाचे बारा तास, कधी त्याहून जास्त, चित्रीकरणात असतो. केलेल्या कामाचे पैसे बहुधा ९० दिवसांनी हाती येतात. प्रेक्षकसंख्या घसरली की त्याचे पात्र एका भागात संपवले जाते आणि कालपर्यंत घराघरांत असलेला माणूस आज बेकार होतो. आपल्या वाशीम जिल्ह्यातील शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. सोयाबीन आज पेरायचे, पैसा काही महिन्यांनी, आणि भाव आपल्या हातात नाही! फरक एवढाच, की नटाला या काळातही कॅमेऱ्यासमोर हसावे लागते.

'मन कच्चे' हे म्हणणेही तपासून पाहू. डॉ. काशिनाथ घाणेकर हे व्यवसायाने दंतवैद्य. 'रायगडाला जेव्हा जाग येते' मधील संभाजी आणि 'अश्रूंची झाली फुले' मधील लाल्या या भूमिकांनी त्यांनी महाराष्ट्र वेडा केला. त्यांच्या दारूविषयी त्यांच्या पत्नी कांचन घाणेकर यांनी 'नाथ हा माझा' या पुस्तकात मोकळेपणाने लिहिले आहे. २ मार्च १९८६ रोजी, दौऱ्यावर असताना, आपल्या धर्मप्रांताच्या अमरावती शहरातच त्यांचे निधन झाले. विनोदी कलाकार कपिल शर्मा यांचा लोकप्रिय कार्यक्रम २०१७ मध्ये बंद पडला. त्या काळातील नैराश्य आणि दारू यांविषयी पुढे ते स्वतःच बोलले आणि डिसेंबर २०१८ मध्ये कार्यक्रम पुन्हा सुरू केला. हजारो लोकांसमोर तीन तास उभे राहणाऱ्या किंवा सारा देश हसवणाऱ्या माणसांना इच्छाशक्तीच नव्हती असे कसे म्हणावे? मग ही इच्छाशक्ती नेमकी बाटलीपुढेच का हरते?

याचे उत्तर संत ऑगस्टिन यांनी सुमारे १६०० वर्षांपूर्वी 'कबुलीजबाब' या आपल्या आत्मचरित्रात दिले आहे. ते सांगतात की वाकड्या इच्छेतून वासना निर्माण होते, वासनेचे लाड केले की सवय होते आणि सवयीला विरोध केला नाही की ती गरज बनते. साखळीत कडी कडीत अडकावी तसे हे घडते. पहिली कडी गुंफताना माणूस मोकळा असतो. शेवटची गुंफली जाते तेव्हा तो बांधलेला असतो. आजचे वैद्यकशास्त्र दारूच्या व्यसनाला आजार म्हणते, तेव्हा ते याच शेवटच्या कडीबद्दल बोलत असते. नैराश्याच्या बाबतीत तर पहिली कडीही माणसाने स्वतः गुंफलेली नसते.

ख्रिस्तसभेची धर्मशिकवणही हाच भेद ओळखते. एखादे कृत्य वाईट असले तरी सवय, भीती आणि मानसिक कारणे यांमुळे करणाऱ्याचा दोष कमी होऊ शकतो, कधी उरतही नाही, असे कॅटेकिझम सांगते. ज्यांनी आपले जीवन संपवले त्यांच्या तारणाची आशा आपण सोडू नये, असेही ते बजावते. १९१७ च्या धर्मसंहितेनुसार जाणूनबुजून असे करणाऱ्यांना ख्रिस्ती अंत्यविधी नाकारला जात असे. १९८३ च्या संहितेत ती तरतूद राहिली नाही. आपल्या देशाच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे मानून तिची काळजी घेण्याचे कर्तव्य शासनावर टाकले आहे.

येथे एखादी भगिनी रागाने विचारील, "फादर, मजुरी दारूत जाते, मार मी खाते, आणि आता आजार म्हणून त्याला माफ करायचे?" प्रश्न रास्त आहे. दोष देणे आणि जबाबदारी मागणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दोष मागे पाहतो: "तू असाच आहेस." जबाबदारी पुढे पाहते: "तू आजारी आहेस, म्हणून उपचार घेणे हे तुझे काम आहे." क्षयरोग झाला हा रोग्याचा दोष नाही, पण औषध घेणे त्याचे कर्तव्य आहेच. व्यसनी नवऱ्याला बाटलीसाठी पैसे देणे ही दया नव्हे, आणि त्याचा मार सहन करणे हा ख्रिस्ती धर्म नव्हे. पत्नीने व मुलांनी सुरक्षित जागी जाणे यात काहीही पाप नाही.

मग टोमण्याने काहीच होत नाही का? याच पुस्तकात ऑगस्टिन आपल्या आईची, संत मोनिका हिची गोष्ट सांगतात. लहानपणी घरच्या पिंपातून द्राक्षारस काढून आणायचे काम तिच्याकडे असे. आधी ती नुसते ओठ लावी. रोज थोडे थोडे वाढत ती पेलाभर पिऊ लागली. एकदा भांडणात दासीने तिला "दारुडी" म्हटले. ते तिला झोंबले आणि तिने ती सवय सोडली. पण ऑगस्टिन पुढे म्हणतात की दासीला तिला दुखवायचे होते, बरे करायचे नव्हते. बरे केले ते देवाने. शिवाय मोनिका साखळीच्या पहिल्या कड्यांवर होती. शेवटच्या कडीला पोहोचलेल्याला आपण तोच टोमणा मारतो, तेव्हा तो लाजेने आणखी लपतो आणि लपून आणखी पितो.

१४ जून २०२० रोजी सुशांत सिंह राजपूत गेला. 'पवित्र रिश्ता' मालिकेतील मराठी घरातला मानव म्हणून आपण त्याला ओळखत होतो. पुढे कित्येक महिने वाहिन्यांवर आणि आपल्या ओट्यांवर एकच चर्चा होती, दोष कोणाचा? त्या दिवसांत, आतून खचलेला एखादा तरुण कोपऱ्यात बसून आपले बोलणे ऐकत असेल, तर तो काय शिकला असेल? आजाराचे नाव काढले तर आपलाही असाच पंचनामा होईल, हेच ना? नटाविषयीच्या आपल्या प्रत्येक वाक्याने घरातल्या कोणासाठी तरी एक दार उघडते किंवा बंद होते.

दार उघडले तर वाटाही आहेत. घाणेकर गेले त्याच वर्षी, ऑगस्ट १९८६ मध्ये, डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने पुण्यात 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तेथे काम करणारे कित्येक जण स्वतः व्यसनातून बाहेर आलेले आहेत. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' चळवळीतही एक दारू सोडलेला माणूस दुसऱ्याला हात देतो, नाव विचारले जात नाही. मनाच्या कोणत्याही त्रासासाठी शासनाची 'टेलि-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे. तेथे मराठीत बोलता येते. प्रार्थना जरूर करा, पण प्रार्थना करा आणि डॉक्टरकडेही जा. एक केले म्हणून दुसरे टाळू नका.

या आठवड्यात टीव्हीवर अशी बातमी आली, तर मुलांच्या देखत एवढेच म्हणा: "बिचारा आजारी होता. कोणाला तरी सांगायला हवे होते. आपल्या घरात कोणाला असे वाटले तर सांगा हं, आम्ही रागावणार नाही." आणि कोणी खरोखरच सांगितले, तर दिलेला हा शब्द पाळा.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला,
धर्मगुरू