चौफेर चित्र आणि एक वीत जमीन

लळिंगच्या किल्ल्यावर किंवा सातपुड्याच्या घाटात गेलेले तरुण मोबाइल हळूहळू फिरवून संपूर्ण क्षितिजाचे एक लांबट छायाचित्र टिपतात. त्यास पॅनोरमा म्हणतात. असे चित्र घेणे शरीअतनुसार जायज आहे काय, अशी विचारणा होते. याचे उत्तर सोपे आहे. सजीवांच्या छायाचित्राविषयी उलेमांत मतभेद आहेत, परंतु आत्मा नसलेल्या वस्तूंचे चित्र काढण्याची मुभा हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांनी एका चित्रकारास दिल्याचे हदीसमध्ये नमूद आहे. अवघड प्रश्न त्यापुढचा आहे. चित्र टिपले म्हणजे पाहणे पूर्ण झाले काय?

आपल्या चित्रात काय असते, याचा विचार करा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा उसळला आणि थरांवर थर साचून दख्खनचे पठार घडले. धुळे, साक्री, नंदुरबार या भागात माळावर लांबच लांब काळ्या भिंती उभ्या दिसतात. भेगांमध्येच थिजलेला तो लाव्हा आहे. भूशास्त्रज्ञ त्यास डाइक म्हणतात. जळगावच्या कापसाला पोसणारी काळी माती याच खडकाच्या झिजेतून आली. आइसलँडच्या ज्वालामुखींची चित्रे आपण कौतुकाने पाहतो, पण आपले घरही थंड झालेल्या लाव्ह्यावरच उभे आहे. पवित्र कुरआनच्या सूरह फातिरमध्ये डोंगरांतील पांढऱ्या, तांबड्या आणि गडद काळ्या पट्ट्यांचा उल्लेख आहे आणि लगेच पुढे, अल्लाहचे भय ज्ञानी दासांनाच असते, असे सांगितले आहे. पट्टे दिसणे आणि मन नम्र होणे यांची सांगड तेथे घातलेली आहे.

पॅनोरमा घेताना आपण एका जागी उभे राहून स्वतःभोवती वळतो. कॅमेरा एकामागून एक चिंचोळे तुकडे टिपतो व ते जोडतो. या चित्राचे केंद्र आपण असतो. तवाफमध्ये मात्र केंद्र काबा असते आणि फिरणारे आपण असतो. डोंगरासमोर उभे असताना आपले मन या दोहोंपैकी कोणत्या स्थितीत आहे, यावर त्या पाहण्याचे मोल ठरते.

मन कोणत्या स्थितीत आहे, हे ओळखावे कसे? मदीनेचा इतिहास याचे उत्तर देतो. मदीना शहरही काळ्या लाव्ह्याच्या पठारांनी वेढलेले आहे. हिजरी ६५४ (इ.स. १२५६) मध्ये शहराजवळ भूकंप झाले, जमीन फाटली आणि लाव्हा वाहू लागला. इब्ने कसीर यांनी नोंदवलेल्या वृत्तांतानुसार लोक मस्जिद-ए-नबवीत जमले व त्यांनी तौबा केली. शहराच्या अमीराने आपले गुलाम मुक्त केले आणि काही लोकांची मालमत्ता त्यांना परत केली. त्या लोकांनी आगीचे चित्र काढून ठेवले नाही. त्यांनी आपला हिशेब तपासला.

वाचकहो, आपला हिशेबही याच जमिनीशी निगडित आहे. जी काळी माती आपण चित्रात अभिमानाने मिरवतो, तिचा बांध दरवर्षी थोडा थोडा कोरला जातो. बहिणीचा जो हिस्सा अल्लाहने सूरह निसामध्ये निश्चित केला, तो माहेर तुटण्याच्या भीतीपोटी तिच्याकडून हक्कसोड लिहून घेऊन बुडवला जातो. ज्याने अन्यायाने वीतभरही जमीन घेतली, त्याच्या गळ्यात कयामतच्या दिवशी सात जमिनींचे जोखड पडेल, असा इशारा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिला आहे. वीतभर जमीन पॅनोरमात दिसतही नाही, हिशेबाच्या दिवशी मात्र ती गळ्यात असेल.

म्हणून चित्र अवश्य घ्या. ते मुलांना दाखवा आणि या खडकाची निर्मिती कशी झाली, ते समजावून सांगा. त्यानंतर घरी येऊन आपला सातबारा उघडा, त्यावर कोणाचे नाव असावयास हवे होते ते पाहा, आणि ज्याचे त्यास परत करा. अल्लाह आपणा सर्वांना पाहणारी दृष्टी आणि परत करणारे हात देवो. आमीन.