दुसरी सही

आस्तिकाने नास्तिकाशी देवाविषयी वाद घालू नये, असे आमच्या घरात एकमताने ठरलेले आहे. वडिलांच्या मते त्याने बुद्धी भ्रष्ट होते, सौभाग्यवतींच्या मते जेवण गार होते. मी पडलो बँकेतला कारकून. आमच्याकडे ज्याने नोंद केली त्याने ती पास करायची नाही, असा दंडक आहे. लिहिणाऱ्याने खाल्लेला शून्य त्याला स्वतःला दहादा पाहूनही दिसत नाही. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला तो चहा पिता पिता दिसतो. श्रद्धेच्या खात्यात मात्र आपली आपणच सही ठोकतो. आजोबांची बाकी वडिलांनी पुढे ओढली, वडिलांची आपण. व्हाउचर कोण मागतो?

आमचे हेडकॅशियर मागतात. गृहस्थ कडवे नास्तिक. (सत्यनारायणाचा शिरा मात्र दोन वाट्या. शिऱ्यात देव नसतो, तूप असते, असे त्यांचे भाष्य.) थोरल्याच्या बारावीसाठी सौभाग्यवती गणपतीला एकवीस नारळांचा नवस बोलल्या, हे त्यांना कळले. विचारतात कसे, "नवस फळला नाही, तर वहिनी देव सोडतील?"

"छे हो!"

"मग फळला तर नारळ कशाबद्दल?"

मी हा प्रश्न घरी नेला. जेवण अर्थातच गार झाले. दोन दिवस बाईसाहेब गप्प. तिसऱ्या दिवशी निकालाची वाट न बघता देवळात एकवीस नारळ देऊन आल्या. म्हणाल्या, "आता काय लागायचा तो निकाल लागू दे." आमच्या भाषेत सांगायचे, तर कर्जखाते बंद केले, बचत खाते चालू ठेवले. इतकी वर्षे कीर्तने ऐकली, पण हा प्रश्न तिथे कुणी विचारला नव्हता. तिथे सगळे माना डोलावणारे.

आपले जुने लोक याबाबतीत शहाणे होते. आधी विरोधकाचे म्हणणे नीट मांडायचे, मग आपले. त्याला ते पूर्वपक्ष म्हणत. चौदाव्या शतकातले माधवाचार्य पक्के वेदान्ती, पण त्यांच्या 'सर्वदर्शनसंग्रहा'त पहिला मान चार्वाकाला! चार्वाकांचे मूळ ग्रंथ नाहीसे झाले. त्यांची मते आज आपल्याला कळतात ती बहुतेक अशा विरोधकांच्याच वह्यांतून.

फार मागे कशाला, १९४४ साली आंध्रातले नास्तिक गोरा, म्हणजे गोपराजू रामचंद्र राव, सेवाग्रामला गांधीजींकडे आले. भरपूर वाद झाले. गांधीजींची प्रार्थना बंद पडली नाही, गोरा नास्तिकच राहिले. पण गोरांच्या मुलीच्या लग्नविधीत 'ईश्वरा'च्या जागी 'सत्य' म्हणायला गांधीजी राजी झाले. एवढा एक शब्द बदलायला समोर गोराच हवा होता. आश्रमात भक्तांची काय वाण होती?

अर्थात दोघांपैकी एक जरी नुसता जिंकायला बसला, तरी मग सौभाग्यवतींचेच खरे. जेवून घ्यावे.

हेडकॅशियरसाहेबांनाही मी सोडले नाही. "साहेब, पाचशेची एक नोट जास्त आली. बघायला कुणी नाही, तुमच्या मते वरही कुणी नाही. मग गिऱ्हाइकाच्या मागे रस्त्यापर्यंत का धावता?"

ते काहीतरी बोलणार होते. मग थांबले, बोटाला पाणी लावले आणि मोजून झालेले बंडल पुन्हा मोजायला घेतले.