मधली मोटर

शिडाच्या बोटीवर संसार थाटून बेटाबेटांतून फिरणाऱ्यांना समुद्र ओलांडायला वारा पुरतो. बाजारहाटाला मात्र मोटर लागते. बोट खोल पाण्यात नांगरावर उभी असते. किराणा, पिण्याचे पाणी, धुण्याचे कपडे, आजारी माणूस, सगळ्यांची ये-जा डिंगीतून, म्हणजे तीनेक मीटरच्या हवा भरलेल्या होडीतून होते. तिच्या मागे कोणती मोटर लावावी हे ठरवताना, आपण आपली गरज किती प्रामाणिकपणे मोजतो ते कळते.

दुकानात गेलेला माणूस बहुधा म्हणतो, लहान नको, मोठी नको, मधली द्या. सुवर्णमध्याचा संस्कार आपल्यात खोल रुजलेला आहे. पाण्याला तो ठाऊक नाही. पाणी कापत जाणाऱ्या होडीचा वेग तिच्या लांबीने बांधलेला असतो. पाण्यावरची लांबी दहा फूट असेल, तर तो सव्वाचार नॉटच्या आसपास अडकतो आणि अडीच हॉर्सपॉवरची मोटर जवळजवळ तिथवर नेते. पुढे जोर लावला की होडी स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढू पाहते. नाक वर, बूड खाली, पेट्रोल भरपूर, वेग जेमतेम. ती लाट मागे टाकून होडी पाण्याच्या पाठीवरून धावू लागली की वेग एकदम तिपटीवर जातो. पण चार माणसे आणि सामान घेऊन हे साधायला सुमारे १५ हॉर्सपॉवर हवी. मधली, सहा हॉर्सपॉवरची मोटर एकट्या माणसाच्या डिंगीला पळवते; भरलेल्या डिंगीला नाही.

आता वजन. लांबच्या प्रवासाआधी मोटर डिंगीवरून काढून बोटीच्या मागच्या कठड्यावर बसवावी लागते. एकाने डिंगीत उभे राहून मोटर उचलायची, दुसऱ्याने वरून धरायची; नेमकी तेव्हाच लाट डिंगीला खाली आणि बोटीला वर नेते. अडीच हॉर्सपॉवरची तेरा-चौदा किलोची मोटर अशा वेळी हातांनी पेलते. १५ हॉर्सपॉवरच्या पन्नास किलोच्या फोर-स्ट्रोक मोटरीला कप्पी आणि दोर लागतात. मधली पंचवीस किलोंची असते: कप्पी लावायचा कंटाळा यावा इतकी हलकी, कंबर धरावी इतकी जड.

बहामाजमधल्या जॉर्जटाउनला बोटी स्टॉकिंग आयलंडच्या आडोशाला थांबतात. गाव खाडीपलीकडे मैलभर, आणि सामान घेऊन परतताना वारा बहुधा तोंडावर. मुलाबाळांच्या कुटुंबाला तिथे १५ हॉर्सपॉवर ही चैन नव्हे. पण किनाऱ्याजवळ नांगर टाकणाऱ्या, पाठीला जपणाऱ्या जोडप्याला लहान मोटर, किंवा बॅटरी वेगळी उचलता येणारी विजेची मोटर पुरते. विजेच्या मोटरीमुळे बोटीवर पेट्रोलही ठेवावे लागत नाही. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साठते आणि एका ठिणगीने भडकते. हा धोका टळणे फार मोलाचे. लिन आणि लॅरी पार्डी या दर्यावर्दी जोडप्याने तर बिनइंजिनाच्या बोटीतून जगप्रदक्षिणा केली आणि डिंगी वल्ह्यांनी चालवली. गरज मोजून घेतलेली ती निवड होती.

दोन्ही टोके तपासून मध्यावर येणे हा विवेक आहे. एकटा फिरणारा सहा हॉर्सपॉवर निवडतो तेव्हा ती मधली मोटरही बरोबरच असते. टोके न पाहता मध्य गाठणे म्हणजे निर्णय टाळणे. म्हणून मोटर पाहण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत: वारा वाढलेल्या संध्याकाळी डिंगीत कोण कोण असेल, आणि ती मोटर कोण उचलणार?