अर्ध्या वाटेवरचे बोल

प्रवासाहून परत आलेला मनुष्य आणि प्रवासांत बरोबर चालणारा मनुष्य हे दोघेहि वाटेविषयीं बोलतात. परंतु त्यांच्या बोलण्याची जात एक नसते. पहिल्याच्या बोलण्यांत माहिती अधिक असते, दुसऱ्याच्या बोलण्यांत सोबत अधिक असते. पहिल्यानें चुकीची वाट सांगितली तर आपण त्याच्यावर रागावतों. दुसरा चुकला, पुढच्या वळणावर धर्मशाळा असेल असें म्हणाला आणि तेथें नुसतें माळरान निघालें, तर दोघेहि हसतात आणि पुढें चालूं लागतात. एखादी कथा पाहतां पाहतां तिच्याविषयीं दुसऱ्याजवळ बोलावें कीं नाहीं, आणि बोलावयाचें तर कोणत्या मर्यादेनें, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. मला तो तसा वाटत नाहीं. त्याचें कारण यथावकाश येईलच.

हा प्रश्न आज विशेष ठळकपणें उभा राहतो तो जपानी चित्रमालिकांच्या बाबतींत. चितारलेल्या आकृतींना गति देऊन रचलेल्या या मालिकांना ‘अ‍ॅनिमे’ हें नांव आतां सर्वत्र रूढ झालें आहे. १ जानेवारी १९६३ रोजीं ओसामु तेझुका यांची ‘तेत्सुवान आतोमु’ ही मालिका जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली, आणि आठवड्याला अर्ध्या तासाचा एक भाग ही रीति तेथें दृढमूल झाली. आपल्याकडे १९९० नंतरच्या दशकांत ज्यांचें बालपण गेलें, त्यांनीं रविवारीं दूरदर्शनवर पाहिलेला मोगली याच कुळांतला. १९८९ मध्यें जपानांत निघालेल्या मालिकेचा तो हिंदी अवतार होता. भाग चोवीस-पंचवीस मिनिटांचा, आणि पुढच्या भागाची प्रतीक्षा सात दिवसांची! ही प्रतीक्षा मुकी राहूं शकत नाहीं. पाहणारे एकमेकांना विचारतात, तर्क बांधतात, भांडतात, आपलेच तर्क मोडतात. आपल्यालाहि हें अगदींच अपरिचित नाहीं. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ पत्रांतून क्रमशः निघूं लागली, तेव्हां दोन अंकांच्या मधल्या दिवसांत यमूचें पुढें काय होणार याची चर्चा घरोघर झाली नसेल असें कोण म्हणेल?

जपानी लोकांनीं या बोलण्याला एक विलक्षण रूपहि दिलें आहे. २००६ च्या अखेरीस तेथें ‘निकोनिको’ नांवाची चित्रफिती दाखविणारी एक सेवा निघाली. तींत पाहणाऱ्यानें ज्या क्षणीं उद्गार काढला, त्याच क्षणाच्या चित्रावरून त्याचीं अक्षरें सरकत जातात. पुढें कोणीं तीच फीत पाहिली तर मागच्या प्रेक्षकाचा तो उद्गार त्याच जागीं पुनः उमटतो. त्या प्रेक्षकाचें मत नंतर बदललेंहि असेल. पण त्या क्षणीं तो दचकला होता, एवढें तेथें कायमचें नोंदलेलें राहतें.

आतां या सगळ्यावर एक गंभीर आक्षेप आहे. ग्रंथाचें तात्पर्य कसें ठरवावें याचीं जीं साधनें मीमांसकांनीं सांगितलीं आहेत, त्यांतलें पहिलेंच उपक्रम आणि उपसंहार यांची सांगड हें होय. आरंभ कसा झाला आणि शेवट कशांत झाला हें एकत्र पाहिल्यावांचून ग्रंथाला काय म्हणावयाचें आहे हें कळत नाहीं. लोकमान्यांनीं गीतारहस्याच्या आरंभींच या नियमाचा आधार घेतला आहे. मग बारा भागांच्या मालिकेचे तीन भाग पाहून जो ‘ही फिकी आहे’ किंवा ‘ही अपूर्व आहे’ असें म्हणतो, तो उपसंहाराची वाट न पाहतां निकाल देणारा न्यायाधीश नव्हे काय? कर्त्यावर हा उघड अन्याय आहे, आणि ऐकणाऱ्याच्या मनांत पूर्वग्रह पेरल्याचा दोष आहे तो वेगळाच.

हा आक्षेप मला बरेच दिवस निरुत्तर करीत असे. त्याचें उत्तर मला सुचलें तें २००९ सालच्या एका प्रसंगावरून. सुझुमिया हारुहि नांवाच्या एका मुलीविषयींच्या मालिकेंत त्या वर्षीं ‘एंडलेस एट’ या एकाच नांवाचे आठ भाग आले. शाळेच्या उन्हाळी सुटीचा अखेरचा पंधरवडा संपत नाहीं, तो पुनः पुनः पहिल्यापासून सुरू होतो, अशी ती कथा आहे. आठ आठवडे प्रेक्षकांसमोर जवळजवळ तीच कथा आली. क्योटो अ‍ॅनिमेशन या संस्थेनें प्रत्येक भाग नव्यानें चितारला होता; कपडे बदलले होते, दृश्यें वेगळ्या कोनांतून घेतलीं होतीं; परंतु घटना त्याच. मुलांना मागचें कांहींच आठवत नाहीं. आठवतें तें फक्त नागातो युकि या अबोल मुलीला. तिनें तो पंधरवडा पंधरा हजारांहून अधिक वेळां, म्हणजे जवळजवळ सहाशे वर्षें, भोगलेला असतो. हें दुसऱ्या भागांतच उघड होत असल्यामुळें येथें सांगण्यास प्रत्यवाय नाहीं.

प्रेक्षकांनीं त्या आठ आठवड्यांत जें बोलून दाखविलें त्यांत आधीं कुतूहल होतें, मग संताप, मग थट्टा आणि शेवटीं एक प्रकारचा शीण. हे भाग चांगले कीं वाईट याविषयीं आजहि एकमत नाहीं. मधले भाग मलाहि कंटाळवाणे वाटतात. पण आज जो मनुष्य ते आठहि भाग एका संध्याकाळीं पाहतो, किंवा कोणाच्या सल्ल्यावरून मधले वगळून शेवटचाच पाहतो, त्याला एक गोष्ट कधींच कळणार नाहीं. पुढच्या आठवड्यांत तरी सुटका आहे कीं नाहीं हें ठाऊक नसतांना वाट पाहणें म्हणजे काय, ही ती गोष्ट. नागातोच्या शिणाची अंधुकशी चव ज्यांना मिळाली ते त्या उन्हाळ्यांत पाहणारे आणि त्याच वेळीं बोलणारे लोक होत. मीमांसकांच्या साधनांत दुसरें ‘अभ्यास’ हें आहे. अभ्यास म्हणजे पुनरुक्ति. पुनरुक्तीचा अर्थ शेवटीं ठरवितां येईल, पण तिचा भार शेवटीं मोजतां येत नाहीं. तो वाहतांनाच सांगावा लागतो.

यावरून मला असें दिसलें कीं, अर्ध्या वाटेवरचें बोलणें हा निकाल नसून ती साक्ष आहे. निकाल देणाऱ्यानें सर्व ऐकून घेतलें पाहिजे; साक्षीदारानें आपण जेथें उभे होतों तेथून जें दिसलें तेवढेंच सांगितलें पाहिजे. त्याला सर्व ठाऊक नसतें हा त्याचा दोष मानीत नाहींत. उलट, इतरांकडून ऐकलेलें त्यानें स्वतः पाहिल्यासारखें सांगितलें तर तो खोटा ठरतो. मीमांसकांचा आक्षेप साक्षीला निकालाचें सोंग देणाऱ्यावर लागू पडतो. पाहतां पाहतां बोलणाऱ्या प्रत्येकावर नव्हे.

परंतु साक्ष म्हटली कीं खोट्या साक्षीचाहि विचार आला, आणि येथें मला स्वतःविषयीं बोलणें भाग आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं माझी भाची शिक्षणासाठीं घरापासून दूर राहत होती. तिला करमत नसे. तिनेंच सुचविलें कीं, ‘माहो शोजो मादोका मागिका’ ही २०११ सालची बारा भागांची मालिका आपण दोघांनीं पाहावी. तिनें तिच्या खोलीवर, मीं माझ्या घरीं. दर शनिवारीं एक भाग, आणि भाग संपतांच दूरध्वनीवर बोलावयाचें. या मालिकेंत काय घडतें तें मी सांगत नाहीं. या लेखांत तें सांगणें शोभणार नाहीं. तिसऱ्या भागाचा शेवट असा आहे कीं, त्या रात्रीं मला झोप आली नाहीं. मीं उठून चौथा भाग लाविला, मग पांचवा. उजाडण्यापूर्वीं बाराहि भाग पाहून झाले.

एवढ्यानें कांहीं बिघडलें नसतें. दुसऱ्या दिवशीं ‘अग, मला धीर निघाला नाहीं’ असें सांगितलें असतें तर ती चिडली असती आणि हसलीहि असती. पण मीं सांगितलें नाहीं. पुढच्या शनिवारीं नवल वाटल्यासारखें बोललों, आणि सहज म्हणून एक तर्क केला. तो अर्थात् खरा ठरला. “मामा, तुम्हांला कसं सुचतं हो हे?” असें ती म्हणाली, आणि तें कौतुक मला गोड लागलें. मग मी दर आठवड्याला एखादा तर्क करूं लागलों. संशय येऊं नये म्हणून मधूनच एखादा चुकवूंहि लागलों. तिचा एका पात्रावर जीव जडला होता. त्या पात्राचें पुढें काय होणार तें मला ठाऊक होतें. तिच्या आशा मी ऐकत असें, आणि खरें सांगावयाचें तर त्या ऐकण्यांत मला रस वाटे. आज कळतें कीं, त्या आठवड्यांत मी मालिका पाहतच नव्हतों. मी तिला पाहत होतों, आणि आपण पाहिली जात आहों हें तिला ठाऊक नव्हतें.

आठव्या भागानंतर बोलतांना माझ्या तोंडून एका गोष्टीचा उल्लेख गेला. ती गोष्ट दहाव्या भागापर्यंत येत नाहीं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “म्हणजे इतके दिवस मी एकटीच पाहत होते?” त्यानंतरच्या शनिवारीं दूरध्वनि आला नाहीं.

याच मालिकेच्या बाबतींत जपानांत एक गोष्ट घडली होती. दहावा भाग नुकताच झाला होता तोंच ११ मार्च २०११ चा भयंकर भूकंप आणि समुद्राचा प्रलय आला, आणि शेवटचे दोन भाग एप्रिलच्या उत्तरार्धापर्यंत लांबले. प्रेक्षकांचीं कित्येक मनें सुमारे सहा आठवडे एकाच न उलगडलेल्या जागीं थांबून राहिलीं. त्यांच्याजवळ एकमेकांना देण्यासारखें ज्ञान कांहींच नव्हतें; सर्वांजवळ सारखें होतें तें एक न कळणें. पाहतां पाहतां बोलणाऱ्यांमध्यें खरोखर वांटून घेतलें जातें तें हेंच. मी माझ्या भाचीला माझीं मतें देत होतों, पण तिनें मागितलें होतें माझें अज्ञान, आणि तें माझ्याजवळ उरलेलें नव्हतें.

यावर कोणी म्हणेल कीं, शेवट आधीं कळल्यानें रसभंग होतो ही समजूतच आपली नव्हे. हरिश्चंद्राचें आख्यान कोणास ठाऊक नसतें? तरी उत्तररंगांत बुवा तारामतीच्या विलापापर्यंत आले कीं, शंभर वेळां तें ऐकलेल्या म्हाताऱ्या बायाहि पदर डोळ्यांला लावतात. हें अगदीं खरें आहे, आणि म्हणूनच माझा दोष कोठें होता तें यावरून नेमकें कळतें. बुवांना शेवट ठाऊक असतो, श्रोत्यांनाहि असतो, आणि तो एकमेकांना ठाऊक आहे हेंहि सर्वांना ठाऊक असतें. त्या मंडपांत कोणी कोणाच्या भोळेपणाचा तमाशा पाहत नाहीं. ज्ञान सारखें असलें तरी सोबत होते, अज्ञान सारखें असलें तरी होते. एवढेंच काय, एकाला ठाऊक असून त्यानें तें मोकळेपणें सांगितलें असलें तरीहि होते. आई मुलाला गोष्ट सांगते ती याच नात्यानें. सोबत मोडते ती एकानें आपलें ज्ञान लपवून अज्ञानाचें सोंग घेतलें म्हणजे. आपल्या साहित्यशास्त्रानें रसिकाला ‘सहृदय’ म्हटलें आहे. त्यांतल्या ‘सह’ या अक्षरांना मी त्या आठवड्यांत जागलों नाहीं.

तेव्हां पाहतां पाहतां बोलावें, अवश्य बोलावें. पण आपण कोठपर्यंत आलों आहों हें आधीं सांगावें. आज जें वाटलें तें आजचें म्हणून सांगावें, उद्यां तें खोटें ठरलें तर कालचे शब्द पुसूं नयेत. ‘मला पहिल्यापासून ठाऊकच होतें’ हें वाक्य तर उच्चारूंच नये. आणि आपण पुढें गेलों असलों तर मागून येणाऱ्याच्या चुकत्या तर्काला मनांत हसूं नये. तो चुकत आहे म्हणूनच तो कथेच्या आंत आहे. आपण शहाणे झालों ते बाहेर पडून.

या वागणुकीनें माझें एक नुकसान झालें तें मीच ओढवून घेतलेलें आहे. चौथ्यापासून आठव्या भागापर्यंत मला त्या त्या शनिवारीं काय वाटलें असतें, हें मला कधींच कळणार नाहीं. कथा मला ठाऊक आहे, पण त्या पांच आठवड्यांची माझ्याजवळ खरी आठवण नाहीं. जी आहे ती रचलेली आहे. भाचीनें शेवटचे भाग पाहिले असावेत. ते पाहून तिला काय वाटलें हें तिनें मला सांगितलें नाहीं, आणि विचारण्याचा अधिकार मला उरला आहे असें वाटत नसल्यानें मींहि विचारलें नाहीं.

गेल्या पावसाळ्यांत मात्र तिचा एक निरोप आला. त्यांत एका नव्या मालिकेचें नांव होतें, आणि खालीं एकच ओळ: “पहिला भाग पाहिला नसेल तर कळवा.” मीं कळविलें, “पाहिला नाहीं.” आणि तें खरें होतें.