पाहणारे कोणी नसते तेव्हा



आपल्यापैकी पुष्कळ घरांत धम्मदीक्षा होऊन थोडीच वर्षे झाली आहेत. भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर आली, पौर्णिमेला वंदना होऊ लागली, लग्ने बौद्ध पद्धतीने लागू लागली. तरीसुद्धा एक प्रश्न भावकीत, शेजारात आणि खरे सांगायचे तर आपल्याच मनात अधूनमधून डोके वर काढतो. "बौद्ध देशांतले लोकदेखील देवदेवता मानतात. मग आपणच एवढे कडक का राहायचे? एखादा टाक पेटीच्या तळाशी राहिला तर बिघडले कुठे?"

हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. मला तो परमुलखात, भर चौकात उभा राहून सोडवावा लागला. ती हकीकत आज आपल्यापुढे ठेवतो.

आमचे पिंपरी पेंढार कल्याण-नगर रस्त्यावर, ओतूर आणि आळेफाटा यांच्या मध्ये आहे. उपासकांच्या एका सहलीबरोबर मी थायलंडला गेलो होतो. शेवटचा दिवस ज्याचा त्याला मोकळा होता. मंडळी बाजाराला गेली आणि मी बँकॉक शहर पाहावयास एकटाच निघालो.

गावात माणूस एकटा कधी नसतोच. तुम्ही कोणाचे, कोणत्या वस्तीतले, हे तुम्ही तोंड उघडण्याआधी समोरच्याला ठाऊक असते. त्या शहरात लाखो माणसे माझ्या शेजारून गेली, पण कोणाच्याही नजरेत तो प्रश्न नव्हता. बंधूंनो, ती मोकळीक फार गोड असते. पण ती परीक्षाही असते. गावात आपण दारूला शिवत नाही ते शीलामुळे, की चार लोक बघतात म्हणून? आपण देवळाची पायरी चढत नाही ते समजून, की समाज नाव ठेवील म्हणून? पाहणारे कोणी नसते तेव्हाच याचा उलगडा होतो.

सकाळी मी वाट फो या विहारात गेलो. महापरिनिर्वाणाच्या मुद्रेतील तथागतांची तेथील मूर्ती ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच आहे. तिच्या पाठीमागच्या बाजूला १०८ पात्रे ओळीने मांडलेली आहेत. माणसे त्यांत एकेक नाणे टाकीत जातात आणि भाग्य उजळेल अशी आशा धरतात. मी तेथे त्रिसरण-पंचशील म्हटले. नाणी टाकली नाहीत.

दुपारी भुयारी रेल्वेने वाट त्रैमितला गेलो. तेथे साडेपाच टन वजनाची सोन्याची बुद्धमूर्ती आहे. ती कित्येक पिढ्या चुन्याच्या लेपाखाली झाकलेली होती. लोक तिला साधी मूर्ती समजत. १९५५ साली ती नव्या जागी हलविताना लेपाला तडा गेला आणि आतले सोने दिसले. मूर्तीपुढे उभा असताना मला आपल्या जुन्नरची लेण्याद्री आठवली. तेथील सातवे लेणे म्हणजे भिक्खूंचे विहार. भोवती त्यांच्या निवासाच्या खोल्या अजून तशाच आहेत. आज ते गिरिजात्मज गणपतीचे देवस्थान म्हणून ओळखले जाते. तेथे येणाऱ्या भाविकांशी आपले भांडण नाही. पण शेजारचे सहावे लेणे चैत्यगृह आहे आणि त्यात स्तूप उभा आहे, हे आपल्या मुलांना तरी माहीत असावयास हवे.

संध्याकाळी मी राचप्रसोंग चौकात आलो. वर पुलावरून रेल्वे धावते, चारी बाजूंना मोठमोठी दुकाने आहेत आणि कोपऱ्यावर एक छोटे मंदिर आहे. आत कोण असेल? चार तोंडांचा ब्रह्मदेव! तेथे एक हॉटेल बांधले जात असताना अपघात होऊ लागले, म्हणून ज्योतिषाच्या सांगण्यावरून येथे ब्रह्मदेवाची मूर्ती बसविली गेली. साल कोणते? १९५६. ज्या वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला बाबासाहेबांनी आपल्याकडून बावीस प्रतिज्ञा वदवून घेतल्या, आणि त्यांतल्या पहिल्याच प्रतिज्ञेने ब्रह्मा, विष्णू, महेश यांना आपल्या घराबाहेर केले, त्याच वर्षी एका बौद्ध देशाच्या राजधानीत ब्रह्मदेवाची स्थापना झाली!

मी हसून पुढे गेलो असतो. पण त्याच वेळी घरून फोन आला. आईच्या गाठीच्या तपासणीचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळणार होता. फोन ठेवला आणि समोर पाहिले, तर माणसे गुडघ्यांवर बसून उदबत्त्या लावीत होती, झेंडूच्या माळा वाहत होती. ती सारी बौद्धच होती. माझ्या ओळखीचे तेथे कोणी नव्हते. भगिनींनो, लाज न बाळगता सांगतो, माझे हात छातीपर्यंत आले होते.

मग मी स्वतःला विचारले, "हे हात कोणाचे? तुझे, की तुझ्या भीतीचे?" हात खाली घेतले, जिना चढून पुलावर गेलो आणि कठड्याला टेकून बराच वेळ उभा राहिलो. मग आईला फोन केला. ती घाबरलेली होती. तिच्याशी बोललो. त्या घटकेला तिच्यासाठी करण्यासारखे तेवढेच होते.

रिपोर्ट काय आला ते मी मुद्दाम लिहीत नाही. चांगला म्हटले तर कोणी म्हणेल, बुद्धाची कृपा झाली. वाईट म्हटले तर कोणी म्हणेल, ब्रह्मदेव कोपला. दोन्ही खोटे. तथागत मार्गदाते आहेत, मोक्षदाते नव्हेत. रोगाचा निकाल डॉक्टर तपासणीने सांगतात. माझा प्रश्न त्या संध्याकाळी एवढाच होता की, भीतीच्या वेळी मी कोणाला शरण जातो?

आता मूळ शंकेकडे येऊ. बौद्ध देशांत चालते, मग आपल्याला का नको? बाबासाहेबांनी ते देश डोळ्यांनी पाहिले होते. १९५० साली ते कोलंबोला गेले, ते तेथे धम्म कितपत जिवंत आहे हे पारखावयास. डिसेंबर १९५४ मध्ये ते जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले. तेथून परतल्यावर २५ डिसेंबर १९५४ रोजी आपल्याच पुणे जिल्ह्यात, देहूरोडला, त्यांनी रंगूनहून आलेली बुद्धमूर्ती प्रतिष्ठापित केली. ब्रह्मदेशातील पॅगोड्यांत ग्रहांची आणि वारांची पूजाही चालते. ती मात्र त्यांनी आपल्याला दिली नाही. बुद्ध तेवढा आणला, ग्रह तेथेच ठेवले. ही पारख हाच त्यांनी दिलेला वारसा आहे.

आणि ही पारख तथागतांचीच शिकवण नव्हे काय? केसपुत्त नगरीच्या कालामांना त्यांनी सांगितले की, परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून काही स्वीकारू नका. स्वतः तपासा, हितकर वाटले तर आचरा. त्यात आपण एवढेच जोडू : परदेशातले बौद्ध करतात म्हणूनही नको! ते आपले धम्मबांधव आहेत. पहाटे भिक्खूंना दान देण्याची त्यांची श्रद्धा आणि विहारातील त्यांची शांतता आपण जरूर शिकावी. त्यांना ब्रह्मदेवाने कधी गावकुसाबाहेर ठेवले नाही. त्याच्या नावाने रचलेली उतरंड आपल्या वाडवडिलांनी मात्र पाठीवर वाहिली आहे.

शेवटी पेटीतल्या टाकाविषयी. तो आमच्याही घरी आहे. आईने खंडोबाचा टाक फडक्यात बांधून ठेवला आहे, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. परत आल्यावर तिला मी टाकून दे म्हटले नाही. चौकातली हकीकत सांगितली, हात वर गेल्याचेही सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली. टाक अजून पेटीतच आहे. तो निघेल तर तिच्याच हाताने निघाला पाहिजे. मी हिसकावला तर पेटी रिकामी होईल, भीती तशीच राहील. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांवर ओरडू नका. त्यांच्याजवळ बसा, आजारपणात त्यांना दवाखान्यात न्या, रात्री त्यांच्या उशाशी जागा. भीती ओसरली की टाकाची गरज आपोआप ओसरेल.

येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर घरातल्या सर्वांनी मिळून बावीस प्रतिज्ञा सावकाश वाचा. आणि प्रत्येकाने मनाशी विचारावे : कोणी पाहत नसताना मी कोण असतो?

भवतु सब्ब मंगलं.